विंडोज, लिनक्स की मॅक? घरच्या कॉम्प्युटरचे अनुभव लिहा

माळ्यावरची_मांजर

काल बाबांकडे गेले होते, सदाशिव पेठेत. त्यांच्या पीसीवर निळा फलक: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ त्यावर चढत नाही, प्रोसेसर सातव्या पिढीतला आहे आणि विंडोज ११ ला आठवी लागते. बाबा म्हणाले, "चालतंय ना? मग संपला म्हणजे नक्की काय संपलं?" मला उत्तर देता आलं नाही.

जादाचा कीबोर्ड शोधायला माळ्यावर चढले तर बुटाच्या खोक्यात उबुंटूची (लिनक्सचाच एक प्रकार) सीडी सापडली. ७.१०, गट्सी गिबन. तेव्हा नुसता पत्ता भरला की घरपोच फुकट यायची. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा आई म्हणाली होती, "परदेशातून फुकट कोण काय पाठवतं? उघडू नकोस." मी उघडलं. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, अंगात वारं. पार्टिशनच्या (डिस्कचे वाटे पाडायच्या) पानावर "संपूर्ण डिस्क वापरा" असं होतं, म्हटलं वापरा. त्या संपूर्ण डिस्कमध्ये ताईच्या साखरपुड्याचे फोटो होते. त्यानंतर मी ताईला डेस्कटॉपचा ठोकळा गरगर फिरवून दाखवला, चार बाजूंना चार स्क्रीन. तिला काही कौतुक वाटलं नाही. अजूनही घरात काही हरवलं की ती माझ्याकडे बघते.

सध्या मला ऑफिसचा मॅक आहे, नवऱ्याकडे विंडोज, आणि लेकाला (वय १४) व्हॅलोरंट खेळण्यापलीकडे कॉम्प्युटर कशाला असतो तेच ठाऊक नाही. बाबांना काय घालून देऊ? आणि तुमच्याकडे काय काय झालं तेही लिहा. भांडू नका, अनुभव लिहा.

बाकरवडी_२.०

"भांडू नका" म्हणे. खुर्ची ओढून बसलोय.

रात्री_२_ते_८

आयडीवरून कळलंच असेल. बीएसएनएल डेटावनचा तो इंटरनेट प्लॅन, रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट. मी २ चा गजर लावून उठायचो, डाउनलोड लावायचो आणि परत झोपायचो. आईला वाटायचं पोरगा पहाटे अभ्यासाला उठतो. शेजारच्या काकूंनाही तसंच सांगायची. उबुंटूची आख्खी सीडी, ७०० एमबी, दोन रात्रीत उतरवली होती. मग कळलं की एमपीथ्री वाजतच नाही. पेटंटच्या भानगडीमुळे ती वाजवणारे कोडेक सोबत देत नसत, ते वेगळे घ्यावे लागत. म्हणजे पुन्हा रात्री २ चा गजर.

खेळायला मात्र विंडोज एक्सपीच. काउंटर स्ट्राइक १.६, धूळ उडालेला तो एकच नकाशा, सहा जण, एक स्विच आणि वायरींचा गुंता. बारावीला ६८ टक्के पडले. आईला अजून कोडं आहे.

कसब्यातला

टॅली + डिजिटल सहीचं यूएसबी टोकन = विंडोज. विषय संपला. लिनक्सवर टोकन चालवायला एक अख्खा रविवार घालवलाय, चाललं नाही. रिटर्न भरायची शेवटची तारीख समोर असताना तत्त्वं सुचत नाहीत. बाकीच्यांनी खुशाल चर्चा करा.

डबलबूट

गेमिंगबद्दल लिहितो, कारण लेकाच्या नावाने पुढे तोच प्रश्न येणार. दीड वर्ष झालं, घरच्या मशीनवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) आणि विंडोज ११ दोन्ही आहेत.

आधी वाईट बातमी. व्हॅलोरंट लिनक्सवर नाही चालणार. त्याचा अँटीचीट (चीटिंग पकडणारा प्रोग्राम) पार कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत जाऊन बसतो आणि तो फक्त विंडोजसाठी आहे. विंडोज ११ वर तर टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी) चालू नसेल तरी उभं करत नाही. फोर्टनाइट तसंच. एपेक्स आधी चालायचा, २०२४ च्या शेवटी त्यांनी लिनक्सवाल्यांना दार लावलं. जीटीए ५ ची कथा चालते, ऑनलाइन नाही.

आता चांगली. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने (स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान त्यांचंच) प्रोटॉन आणलं तेव्हापासून एकट्याने खेळायचे बहुतेक गेम स्टीमवर नुसतं इन्स्टॉल दाबून चालतात. आत वाइनच आहे, १९९३ पासूनचं. विंडोजचा गेम जे मागतो ते लिनक्सच्या भाषेत बोलून देतं, मधला दुभाषा म्हणा. एल्डन रिंग मी पूर्ण मिंटवर संपवला. काउंटर स्ट्राइक २ ला तर दुभाष्याचीही गरज नाही, थेट लिनक्सचा आहे. म्हणजे गेमचं यंत्र कमजोर आहे असं नाही हो, राखणदार आत सोडत नाही एवढंच.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे रात्रभर बसाल. (१) विंडोजमध्ये परत गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोजला ती इथलीच वाटते. मी आधी बोर्डावरचा सेल बदलला. मग अजून एक सेल बदलला. शेवटी टर्मिनलमध्ये एका ओळीचा हुकूम टाइप करायचं काम निघालं. (२) विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धं झोपतं, आणि मग त्याच्या ड्राइव्हवर लिनक्सला काही लिहिता येत नाही. मी गेम त्याच ड्राइव्हवर ठेवले होते, दोन्हीकडून खेळता येतील म्हणून. ही हुशारी करू नका.

बाकरवडी_२.०

दोन सेल 😂

डबलबूट

पंचवीस पंचवीस रुपयांचे होते हो.

निवृत्त_पण_जागा

नमस्कार. वय ७१. मोबाईलवरून लिहितो आहे, चुकांबद्दल क्षमस्व.

सरकारी कचेरीत होतो. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे डॉसवर मराठी टंकन सुरू झाले. पीसीत एक जिस्ट कार्ड बसवायचे, आपल्या पुण्याच्या सी-डॅकचे. पडद्यावर पहिल्यांदा "मा. कार्यकारी अभियंता" उमटले तेव्हा साहेब स्वतः केबिनबाहेर येऊन पाहून गेले. इनस्क्रिप्ट कळफलक तेव्हाच शिकलो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने. आज पस्तीस वर्षांनी तोच कळफलक विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही. माझ्या पुतण्याने दोन वर्षांमागे मिंट घालून दिले, मी पहिल्या दिवसापासून टंकतो आहे. बोटांना काही फरक कळला नाही.

त्रास झाला तो जुन्या फायलींचा. सोसायटीची पंधरा वर्षांची इतिवृत्ते युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत). तो फॉन्ट नव्या मशीनवर नाही, त्यामुळे "मागील सभेचे इतिवृत्त" उघडले की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्टची फाइल आणून टाकली तर वाचता येते, पण दुरुस्ती करायची तर तेच जुने टंकन सॉफ्टवेअर लागते आणि ते फक्त विंडोजवर. शेवटी मी सगळी परत टाइप केली. चार महिने लागले. त्यात २०११ सालचा पार्किंगचा ठराव सापडला, जो चेअरमन "असा ठराव झालाच नाही" म्हणत होते.

ताई, वडील काय करतात संगणकावर, त्यावर सगळे अवलंबून. नुसते वाचन, पत्रे, बँक असेल तर मिंट निर्धास्त घाला.

रात्री_२_ते_८

काका, पार्किंगच्या ठरावाचं पुढे काय झालं??

निवृत्त_पण_जागा

ते आता माझ्याशी बोलत नाहीत. पार्किंग मिळाले.

मॅकवाली_काकू

इकडे मॅकचं कुणी बोलत नाहीये म्हणून येते. कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.

ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर, पंखाच नाही त्याला, त्यामुळे आवाज शून्य. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते (बिबवेवाडी), सकाळी १० ला गेली की कधीकधी ४ ला येते. दिवसभर व्हिडिओ कॉल करून बॅटरी शिल्लक असते. खाली डेस्कटॉपवाले शेजारी यूपीएसची पीं पीं ऐकत बसतात.

गेमिंग विचारू नका. २०१९ च्या कॅटालिनाने (मॅकच्या सिस्टिमचं नवं व्हर्जन) ३२ बिटचं, म्हणजे जुन्या पद्धतीचं, सगळं बंद केलं, माझे जुने आवडते गेम एका अपडेटला आडवे. नंतर एम१ आला तर बूट कॅम्प गेला, म्हणजे शेजारी विंडोज टाकायची पळवाटही बंद. काउंटर स्ट्राइक २ मॅकवर आलाच नाही. बाल्डर्स गेट ३ मात्र मस्त चालतो, मी त्यात ११० तास घातलेत आणि नवऱ्याला सांगितलंय की ऑफिसचं प्रेझेंटेशन आहे.

दुसरी शिट्टी. आणि हो, विंडोजवरून आल्यावर पहिले पंधरा दिवस कॉपी-पेस्टला करंगळी जाते, इथे अंगठा लागतो. मग तेच अंगवळणी पडतं आणि ऑफिसच्या विंडोजवर भलतंच काहीतरी उघडतं

हडपसर_लोकल

पुण्यात अपडेट दुपारी १ ते ४ घेऊ नये. झोपेत असतो.

बाकरवडी_२.०

ह्या विनोदाला आता पेन्शन द्या राव.

हडपसर_लोकल

ओके 😐 यूपीएसवरून आठवलं, माझीही बॅटरी गेलीये. कुठे मिळेल स्वस्तात? ऑनलाइनवाल्याने एकदा फुगलेली पाठवली होती.

डबलबूट

तपकीर गल्ली. जुनी घेऊन जा, तिचे पैसे वजा करतात.

माळ्यावरची_मांजर

सगळं वाचतेय, आज ऑफिसला कॉलवर होते. @निवृत्त काका, बाबा पेपर वाचतात, बँक बघतात, आणि एका एक्सेलमध्ये १९९८ पासूनचा घरखर्च आहे. दूध ते दाढीची ब्लेड. लिब्रेऑफिसमध्ये (एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) उघडून पाहिली, उघडली, बेरजा जुळल्या. फक्त त्यांनी जिथे तिथे घातलेले रंग जरा बदलले. त्यांना ते दोन मिनिटांत दिसलं. "दुधाचा रंग हा नव्हता."

कसब्यातला

मांजर ताई, घाई नको. विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर ३० डॉलर. अपडेटच्याच पानावर नोंदणीची लिंक येते.

माळ्यावरची_मांजर

बाबांना विचारलं. "माझं पोस्टात खातं आहे, तेवढं पुरे" असं उत्तर आलं.

खिडकीपाशी

जरा वेगळं लिहिते, चालेल का?

आमच्या आईकडे एक्सपीचा पीसी होता. तिला दुसरं काही नको होतं, स्पायडर सॉलिटेअर तेवढं. दुपारची आवराआवर झाली की चष्मा लावून बसायची. चार रंगांचा डाव, सगळ्यात अवघड, तोच. सोपा डाव लावून दिला तर म्हणायची "हा लहान मुलांचा." २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा भावाने नेटची वायर काढून टाकली आणि पत्त्यांसाठी तसाच ठेवला. पुढे आम्ही तिला नवा लॅपटॉप दिला, विंडोज १०, त्यातही पत्ते होते पण त्यात जाहिराती यायच्या. आईने दोनदा उघडला आणि झाकून ठेवला. त्यावर क्रोशाचा रुमाल घातला.

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. पीसी अजून तसाच आहे. त्या गेममध्ये किती जिंकले किती हरले ते लिहिलेलं असतं. २१२ जिंकलेत. मी एकदा खेळायला बसले होते आणि मग लक्षात आलं की मी हरले तर तिच्या नावावर लागेल. बंद केला.

मॅकवाली_काकू

💛

निवृत्त_पण_जागा

ताई, हार्ड डिस्कची एक प्रत काढून ठेवा. जुन्या डिस्कचा भरवसा नाही. आख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवता येते, मग आभासी मशीनमध्ये (संगणकातच चालणारा दुसरा संगणक) तोच एक्सपी, तेच पत्ते, तेच आकडे. पुतण्याने माझे जुने मशीन तसे ठेवले आहे.

खिडकीपाशी

हे शक्य आहे हे माहीतच नव्हतं. काका, पुतण्याला विचारून सांगाल का काय करायचं ते? मी कर्वेनगरला असते.

डबलबूट

मी करून देतो, वारज्यात आहे. फक्त तोवर पीसी चालू करू नका. मेसेज केलाय.

बाकरवडी_२.०

धागा भांडण वाचायला उघडला होता मी. काय हे.

रात्री_२_ते_८

वातावरण हलकं करतो. एक्सपीतला पिनबॉल आठवतो? त्यापुढच्या विंडोज व्हिस्टात काढूनच टाकला. आमच्या ऑफिसात २००९ ला अख्ख्या मजल्यावर एकच एक्सपी उरला होता, रिसेप्शनवर. जेवणाच्या सुट्टीत तिथे रांग.

माळ्यावरची_मांजर

रविवारचा वृत्तांत. पेन ड्राइव्हवर मिंट घेऊन गेले, आधी इन्स्टॉल न करता तसंच चालू केलं. बाबांनी अर्धा तास फिरवून पाहिलं. पेपर उघडला, बँक उघडली, प्रिंटर आपोआप सापडला (मी देवाला हात जोडले). मग म्हणाले, "ठीक आहे. पण माझं जुनं काढायचं नाही." म्हणजे दोन्ही हवेत. पार्टिशनच्या पानावर आले आणि ताईला फोन लावला, व्हिडिओ कॉल, म्हटलं तू बघत राहा, मी काय दाबतेय ते. ती म्हणाली, "थांब, आधी माझ्या सगळ्या फोटोंचा बॅकअप घेऊ दे." तिचे फोटो तिच्या फोनमध्ये आहेत. नाशिकला.

झालं व्यवस्थित. सोमवारी सकाळी बाबांचा फोन: घड्याळ साडेपाच तास मागे.

डबलबूट

सेल बदलू नका!!!

माळ्यावरची_मांजर

बाबांनी बदलला होता, फोन करायच्या आधीच.

हडपसर_लोकल

बॅटरी मिळाली, थँक्स. पण तपकीर गल्लीत गाडी कुठे लावता तुम्ही लोक? चाळीस मिनिटं फिरलो.

कसब्यातला

लावत नाही. मेट्रोने मंडईला उतरायचं आणि चालायचं.

हडपसर_लोकल

यूपीएसची बॅटरी हातात घेऊन?

कसब्यातला

मग स्वस्त कशी पडते वाटलं तुम्हाला