घाटातून बोअरचा डेटा सर्व्हरवर कसा पाठवायचा?

प्रश्न: आमची बोअरची गाडी सध्या गगनबावड्याकडं आहे. दर रॉडला खोली, थर (मुरूम, काळा पाषाण, लाल गेरू) आणि पाणी किती इंच, ते टॅबवर भरतो. कोल्हापुरातल्या सर्व्हरवर ते जायला पाहिजे, पण रेंज येते-जाते. नोंद परत पाठवली की दोनदा पडते. आणि बिल फुटावर! गिऱ्हाईक तिथंच भांडायला उठतंय.

उत्तर १: भावा, आधी टॅबवरच एसक्यूलाइटमध्ये (टॅबमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये) लिही, मग रेंज मिळेल तसं रांगेतनं पाठव. प्रत्येक नोंदीला यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी न जुळणारा ओळख क्रमांक) टॅबवरच दे, सर्व्हरवर त्याला युनिक बंधन घाल, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतला जाणार नाही. मग दहादा पाठव, पडणार एकदाच. पोच आल्याशिवाय रांगेतनं काढू नको.

उत्तर २: तेलविहिरीवाले विहिरीचा डेटा पाठवायला विट्सएमएल वापरतात, ते एक्सएमएलवरचं (खुणा घालून डेटा लिहायच्या पद्धतीवरचं) मानक आहे. तुम्हाला ते उगाच जड होईल. साधं जेसन (नाव आणि आकडा अशा जोड्यांचा हलका मजकूर) बास.

प्रश्नकर्ता: आणि बोअरमधनं निघणाऱ्या चुऱ्याचे फोटो?

उत्तर १: त्यांची रांग वेगळी. एक फोटो अडकला की मागचे आकडे तुंबतात. रात्री गाडी गावात आली की आरसिंक (फायली पाठवायचं सॉफ्टवेअर) लाव, पार्शियल पर्यायासकट, म्हणजे अर्धवट गेलेली फाइल तशीच राहते. तुटलं तिथनं पुढं जातंय. आणि क्रम टॅबच्या घड्याळावर लावू नको, रॉड नंबरावर लाव.