मुलीच्या रक्तात शिसं ११ आलंय, आहारात काय देऊ?

पारिजात:
मुलगी अडीच वर्षांची. शिसं ११, हिमोग्लोबिन ८.९. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलंय, दोन महिन्यांनी परत तपासू म्हणाले. दोन महिने नुसतं बसून राहू? काय खाल्लं की शिसं बाहेर पडतं तेवढं सांगा. आधीच बोलायला उशीर झालाय. प्लीज लवकर.

वाटाड्या:
११ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर का? रक्त बोटातून घेतलं की शिरेतून? बोटाला धूळ असली तर आकडा फुगतो.

केवडा:
आकड्यात काय अडकलात! सरळ चेलेशन मागा, म्हणजे शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. माझ्या भाच्याचा आकडा भराभर उतरला होता.

वाटाड्या:
भाच्याचा किती होता? चेलेशन साधारण ४५ च्या पुढे देतात. २००१ मध्ये निष्कर्ष आलेल्या मोठ्या चाचणीत शिसं २० ते ४४ असलेल्या मुलांना सक्सिमर हे चेलेशनचं औषध दिलं. शिसं उतरलं, बुद्ध्यांकात फरक पडला नाही.

केवडा:
७० च्या वर होता. म्हणून हिने वाट बघायची?

निरंजन:
पाणी उकळून द्या. आम्ही वर्षानुवर्षं तेच पितो, कधी त्रास नाही.

रातराणी:
उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं.
पारिजातताई, शिसं बाहेर काढणारा पदार्थ नाही, पण अंगात मुरणं कमी करता येतं. लोह कमी पडलं की आतडं शिसं जास्त ओढतं, दोघांची आत जायची वाट बरीचशी एकच. म्हणजे लोहाचं औषध हे नुसतं बसणं नाही! कॅल्शियमही पुरेसं हवं, मात्र औषध दुधासोबत नको. उपाशीपोटी शिसं जास्त शोषलं जातं, तेव्हा थोडं थोडं, वरचेवर भरवा. आणि हे शिसं येतंय कुठून?

पारिजात:
शिरेतून. माप तेच. कुठून ते कळत नाही. मागच्या महिन्यात खिडक्यांचा जुना रंग घासून काढला, तेवढंच काय ते. ती खिडकीच्या कट्ट्यावर खेळते, बोटं सारखी तोंडात. त्याचा संबंध आहे?

वाटाड्या:
अहो, हे आधी सांगायचं! जुन्या रंगात शिसं असू शकतं, घासला की त्याची धूळ होते. डॉक्टरांनाही आजच सांगा. मुलीला त्या खोलीतून हलवा. केरसुणी लावू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, खेळणी धुवा.

केवडा:
माझा मुलगाही साडेतीनला बोलला. होतं हळूहळू.

रातराणी:
केवडा, त्या भरवशावर राहायला नको. शिशाने ऐकण्यावरही परिणाम होतो. कान तपासून घ्या.

पारिजात:
आत्ता कट्टा पुसला. फडक्यावर पिवळट भुकटी आली. हे धुऊन वापरू की टाकू?

रातराणी:
पिशवीत बांधून टाका. हात धुवा, मगच तिला घ्या.