अमृतसरची ४८ मिनिटं

*बी-३०२ काका:* सकाळपासून ग्रुपवर दोन फॉरवर्ड आलेत. एकात ‘मसूद अझहरला भाजपने सोडलं’, दुसऱ्यात ‘अतिरेकी काँग्रेसनेच सोडले’. दोन्हींत थोडं खरं आहे, पण दोन्हींत अमृतसर नाही. १९९९ मध्ये अपहरण झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानाच्या वेळी संधी गमावली ती अफगाणिस्तानातल्या कंदाहारला नव्हे, अमृतसरला.

*ए-१०४ ताई:* काका, नवीन मुलांना तारखाही माहीत नसतील. जरा क्रमाने सांगा.

*बी-३०२ काका:* २४ डिसेंबर १९९९. काठमांडू–दिल्ली विमान, एअरबस ए-३००. भारतीय हद्दीत शिरताच दुपारी पाचच्या सुमारास पाच अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं. त्यांना लाहोरला जायचं होतं, लाहोरने उतरू दिलं नाही. इंधन संपत आलं, म्हणून कॅप्टन देवी शरण यांनी संध्याकाळी ७.०१ ला अमृतसरला उतरवलं. ७.४९ ला ते तिथून उडालं. एवढीच ४८ मिनिटं विमान आपल्या जमिनीवर होतं.

*सी-५०१:* आणि त्या वेळात करायचं होतं एकच काम, विमान हलू द्यायचं नाही. त्यासाठी आत घुसावंही लागत नाही. पुढे अवजड गाडी आडवी लावा, टायरची हवा काढा, इंधनाला उशीर करा. दिल्लीतल्या आपत्कालीन गटाने विमान रोखायला सांगितलं होतं. पण बळ वापरून रोखायचं का, त्यात प्रवासी मेले तर जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट शब्दांत कोणी सांगितलं नाही. गटाचे प्रमुख कॅबिनेट सचिव. पंजाब पोलीस विमानतळावर होते, त्यांना हवा होता ठाम आदेश.

*ए-१०४ ताई:* एनएसजी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो, का नाही पोचले?

*सी-५०१:* त्यांचं ठाणं मानेसरला. तिथून दिल्लीचा पालम विमानतळ, पालमहून विमानाने अमृतसर. आयसी-८१४ अमृतसरला उभं होतं तोवर ते तिथे आलेच नाहीत. म्हणूनच सुरुवातीची मिनिटं स्थानिक पोलिसांनी सांभाळायची असतात, आणि त्यांचे अधिकार आधीच लेखी ठरलेले लागतात. ते नव्हते.

*बी-३०२ काका:* शेवटी इंधनाचा टँकर पाठवला, त्यानेच विमान अडवायचा बेत होता. टँकर वेगात आला, वैमानिकाने हळू यायला सांगितलं, तो अचानक थांबला. अपहरणकर्त्यांना संशय आला आणि ‘आत्ता उडव’ म्हणून वैमानिकावर दबाव. टँकरला थोडक्यात चुकवून विमान वर गेलं, तेही इंधन न भरता. लाहोरने धावपट्टीचे दिवे घालवले होते. शेवटी उतरू दिलं, इंधन मिळालं, मग दुबईजवळचा लष्करी तळ आणि २५ तारखेला सकाळी कंदाहार. अपहरणकर्त्यांनी मारलेले प्रवासी रुपिन कत्याल यांचा मृतदेह दुबईत उतरवला. २७ प्रवासीही तिथेच सुटले.

गुप्तचर संस्था ‘रॉ’चे तेव्हाचे प्रमुख ए. एस. दुलत यांनी नंतर स्वतः मान्य केलं आहे की अमृतसरला आपलं चुकलं.

*डी-२०३:* पण काका, कंदाहारलाही हात बांधलेले नव्हते ना? कैदी सोडायचा निर्णय वाजपेयी सरकारचाच होता.

*बी-३०२ काका:* निर्णय सरकारचाच, त्यात दुमत नाही. पण कंदाहारला पर्याय काय उरला होता ते बघ. तिथे सत्ता तालिबानची, त्यांनी विमानाभोवती शस्त्रधारी उभे केले होते, आपले कमांडो आले तर त्यांनाच रोखण्यासाठी. मागण्या होत्या ३६ कैदी, २० कोटी डॉलर आणि मारला गेलेला अतिरेकी सज्जाद अफगाणीचा मृतदेह. अजित डोवाल, विवेक काटजू, सी. डी. सहाय या आपल्या अधिकाऱ्यांच्या चमूने वाटाघाटी करून ते तीन कैद्यांवर आणलं. इकडे पंतप्रधानांच्या घराबाहेर नातेवाइकांचं आंदोलन. ३१ डिसेंबरला परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह त्या तिघांसह एकाच विमानातून कंदाहारला गेले.

*ए-१०४ ताई:* तिसऱ्याचं नाव नेहमी राहून जातं. मसूद अझहर, मुश्ताक झरगर आणि ओमर शेख. ओमर शेख तिहारमध्ये होता, २००२ मध्ये अमेरिकन पत्रकार डॅनियल पर्ल यांच्या अपहरण प्रकरणात पकडला गेला तो हाच. अझहरने २००० च्या सुरुवातीला जैश-ए-मोहम्मद ही अतिरेकी संघटना काढली. मग हल्ले: १ ऑक्टोबर २००१ ला श्रीनगर विधानसभा, १३ डिसेंबरला संसद, मग पठाणकोट, मग पुलवामा, ४० जवान. फॉरवर्ड करताना ही नावं डोळ्यांपुढे ठेवा.

*डी-२०३:* आणि २०१० चं काय?

*सी-५०१:* मे २०१० मध्ये काँग्रेसच्या यूपीए सरकारने २५ पाकिस्तानी कैदी वाघ्याहून परत पाठवले, त्यात शाहिद लतीफ होता. पुढे राष्ट्रीय तपास संस्थेने (एनआयए) पठाणकोटच्या कटात त्याचं नाव घेतलं. २०१९ मध्ये राहुल गांधींनी ‘अझहरला कोणी सोडलं’ विचारलं तेव्हा भाजपने हेच पुढे केलं. पण दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. एक ओलिसांच्या मानेवर सुरी असताना, दुसरं सद्भावना म्हणून, कसलाही दबाव नसताना. मला दुसरं जास्त टोचतं, पण अमृतसरचा प्रश्न त्याने मिटत नाही.

*बी-३०२ काका:* अजून मागे जा. डिसेंबर १९८९, गृहमंत्र्यांची मुलगी रुबैया सईद हिचं अपहरण. व्ही. पी. सिंह सरकारने पाच कैदी सोडले, आणि त्या सरकारला बाहेरून भाजप आणि डावे दोघांचा पाठिंबा. दोन्ही वेळा जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री फारुख अब्दुल्ला होते आणि दोन्ही वेळा त्यांनी विरोध केला. १९९९ ला तर राजीनामा द्यायला राज्यपालांकडे गेले होते. मुली-माणसं पळवली की कैदी सुटतात, हे अपहरणकर्त्यांना दहा वर्षं आधीच कळलं होतं.

*ए-१०४ ताई:* मुंबईकरांसाठी एक भर. ओलीस कंदाहारलाच होते तेव्हा मुंबई पोलिसांनी इथे त्या अपहरणकर्त्यांचे मदतनीस पकडले, त्यांच्या चौकशीतून अपहरणकर्त्यांची नावं मिळाली. ६ जानेवारी २००० ला गृहमंत्री आडवाणींनी ती देशासमोर ठेवली.

*डी-२०३:* मग आता नियम बदललाय का?

*सी-५०१:* हो. २००५ चं अपहरणविरोधी धोरण: विमान जमिनीवर असेल तर आधी निकामी करायचं, वाटाघाटी फक्त प्रसंग संपवण्यापुरत्या, मागण्या मान्य करायच्या नाहीत. विमान क्षेपणास्त्रासारखं वापरलं जाणार असं दिसलं तर पाडायचाही अधिकार. शिवाय १९८२ च्या जागी २०१६ चा कडक कायदा. ‘अडवायचं की नाही’ हे ठरवण्यात अमृतसरला जो वेळ गेला, त्याचं उत्तर आता कागदावर आहे.