हाताच्या पाठीवर ग्राफ्ट, बारावा दिवस: मांडीची पट्टी, उघडे ठिपके आणि दाबाचा मोजा

मृण्मयी_स
आईच्या (वय ५४, मधुमेह, गोळ्या चालू) उजव्या हाताच्या पाठीवर आणि मनगटावर कढईतलं तेल सांडून खोल भाजलं. मांडीची पातळ कातडी काढून लावली आहे. बहुतेक भाग गुलाबी दिसतो, पण मनगटापाशी चण्याएवढ्या दोन जागा उघड्या आहेत. हातापेक्षा मांडी जास्त का दुखते? तिथली चिकटलेली पट्टी काढायची का? उघड्या जागांसाठी पुन्हा ऑपरेशन लागेल का? आणि दाबाचा मोजा (वण दाबून ठेवणारा घट्ट हातमोजा) कधीपासून घालायचा?

बर्नवॉर्ड_डॉक
पातळ ग्राफ्ट, म्हणजे काढून लावलेली कातडी, साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीचा असतो. तो काढला की मांडीवर मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, म्हणून दुखतं. हातावरच्या नव्या कातडीत संवेदना अजून परतलेली नाही, त्यामुळे तिथे त्या मानाने शांत वाटतं. मांडी केसांच्या मुळांतून आणि घामाच्या ग्रंथींतून आपोआप भरून येते. त्याला १० ते १४ दिवस लागतात, मधुमेहात थोडे जास्त. पट्टी अजिबात ओढू नका, तिच्याबरोबर खालची कोवळी त्वचा सोलून येते. जितकी कड सुटेल तितकीच कात्रीने कापत जा. दुर्गंधी, हिरवट स्राव, वाढती लाली, ताप किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

आता ठिपके. लावलेल्या कातडीला पहिले दोन दिवस स्वतःचं रक्त मिळत नाही, खालून झिरपणाऱ्या द्रवावर ती तग धरते. नंतर दोन्हीकडच्या केशवाहिन्या जुळतात आणि पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत रक्त नीट फिरू लागतं. या काळात खाली रक्त किंवा पाणी साठलं, किंवा कातडी एवढीशी जरी सरकली, तरी तेवढा भाग धरत नाही. मनगट सतत हलतं, म्हणून तिथे हे जास्त होतं. तिसरं कारण जंतूंचं. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस असेल तर एक-दोन दिवसांत अख्खा ग्राफ्ट जाऊ शकतो. पण बाकीची कातडी गुलाबी आणि घट्ट बसलेली असेल, तर चण्याएवढ्या जागा कडांकडून ड्रेसिंगवर भरतात, पुन्हा ऑपरेशन सहसा लागत नाही. त्या जागी लालभडक दाणेदार मांस कातडीच्या वर आलं तर मात्र दाखवा, त्यावरून नवी त्वचा सरकू शकत नाही. साखर रोज तपासा. मूत्रपिंडं ठीक असतील तर प्रथिनं दर किलो वजनामागे दीड ग्रॅमच्या आसपास हवीत. नुसत्या वरणभातावर ती भरत नाहीत.

हँड_थेरपी_नाशिक
मोज्याआधी स्प्लिंटचं (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या कडक आधाराचं) बघा, ताई. हाताच्या पाठीवरचा ग्राफ्ट आकसतो तेव्हा बोटांचे मुळाशी असलेले सांधे मागे ओढले जातात आणि मूठ वळत नाही. म्हणून रात्री स्प्लिंट असा लागतो: मनगट २० ते ३० अंश वर, मुळाचे सांधे ७० अंशांच्या आसपास वाकलेले, पुढची बोटं सरळ, अंगठा बाजूला. दिवसा, सर्जनने परवानगी दिली असेल तर, दर दोन तासांनी सावकाश मूठ मिटायची आणि उघडायची. कातडी ताणून पांढरट झाली की तिथेच थांबून दहा आकडे मोजायचे. झटका नको.

मोजा जखम पूर्ण मिटल्यावरच, म्हणजे त्या दोन जागा भरल्यावर. तोवर सूज उतरायला बोटांच्या टोकांकडून मनगटाकडे हलकं क्रेप बँडेज चालेल, तेही ड्रेसिंगवरून आणि डॉक्टरांना विचारून. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडायचं. मोजा मापाचाच शिवून घ्या. दाब २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याचा, वापर २३ तास. दोन जोड लागतात, एक धुवायला आणि एक हातात. दोन-तीन महिन्यांत इलॅस्टिक सैल पडतं, मग माप पुन्हा घ्यायचं. सैल मोजा नुसताच हातात असतो, दाब देत नाही. बोटांच्या बेचक्यांत दाब पोचत नाही, तिथे वेगळी पट्टी बसवून मागा.

मृण्मयी_स
खूप उपयोग झाला. रात्री खाजेने झोप लागत नाही. खोबरेल तेल लावू का?

बर्नवॉर्ड_डॉक
मिटलेल्या भागावर लावा, उघड्या जागांवर नाही. पातळ ग्राफ्टबरोबर तेलग्रंथी येत नाहीत, म्हणून कातडी कोरडी पडते आणि खाजते. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर तेलाइतकंच चांगलं. सुरुवातीला नुसतं लावा, कातडी पक्की झाल्यावर चोळून मालिश. खाज तरीही राहिली तर डॉक्टर गोळी देतील. नखं बारीक कापा. खाजवून फोड आला तर फोडू नका.

वण पहिले तीन ते सहा महिने लाल, उंच आणि कडक होत जाणार. उपचार वाया गेले असं समजून नेमका तेव्हाच मोजा सोडला जातो. निवायला १२ ते १८ महिने, कधी दोन वर्षं लागतात. सिलिकॉन शीट (वणावर ठेवायचा मऊ, पातळ तुकडा) त्वचा मिटल्यावर रोज १२ तासांहून जास्त ठेवा, रोज धुवा, पुरळ आलं तर दोन दिवस थांबा. उन्हात हात झाकून.

गावाकडची_वैदेही
मांडीवर केळीचं पान बांधलं तर चालतं ना?

बर्नवॉर्ड_डॉक
काही रुग्णालयांत केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरतात. ते जखमेला चिकटत नाही, म्हणून बदलताना दुखत नाही. पण तिथे पान वाफेने निर्जंतुक केलेलं असतं. परसातलं पान घरी धुऊन बांधू नका. मधुमेह असताना तर नाहीच.