टीमचं मनोधैर्य खेळ ठेवून वाढतं का?

धागाकर्ता: उंबरठा
गेल्या महिन्यात आमच्या साहेबांनी ‘टीम ढेपाळलीय’ म्हणून शुक्रवारी संगीत खुर्ची ठेवली. सोमवारी डेडलाइन. दोघं जण लॅपटॉप बगलेत मारून खुर्च्यांभोवती फिरत होते. बाद झाले की सुटल्यासारखे जागेवर पळाले. मुद्दामच बाद झाले म्हणा ना.
माझं म्हणणं, लोकांना खूश करणं हे म्होरक्याचं काम नाहीच. एका सहीसाठी चार दिवस अडकलेलं काम सोडवून द्या, चूक झाली तर वरच्यांपुढे स्वतः उभे राहा. बाकीचं लोक बघून घेतात.

चांदणवेल
असहमत. १९१५ साली अंटार्क्टिकाच्या बर्फात जहाज चिरडलं, तेव्हा मोहिमेचा म्होरक्या शॅकल्टन याने प्रत्येकाला जेमतेम दोन पौंड वजनाचं खाजगी सामान ठेवू दिलं. पण हसी नावाच्या सहकाऱ्याचा बॅंजो मात्र बरोबर घेतलाच, मनाला औषध म्हणून. त्याच्याबरोबरचे सगळे २७ जण जिवंत परतले. तिथे कुठला अडथळा दूर करणार होता तो? बर्फ?

तिरपांगडा
हे उदाहरण दर वेळी येतं. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राच्या बाजूला होती, त्यातले तिघे दगावले. ते कोणी सांगत नाही. शिवाय ऑफिसातून राजीनामा देऊन निघता येतं, बर्फातून नाही.
हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९मध्येच मांडलंय: पगार, नियम, कामाची जागा वाईट असली की माणूस वैतागतो, पण ती सुधारली म्हणून पेटून उठत नाही. पेटतो तो काम फत्ते झाल्यावर आणि ते कुणाच्या तरी लक्षात आल्यावर. म्हणजे उंबरठा, तुमचंही अर्धंच खरं. अडथळे काढून फक्त कुरकुर थांबेल.

चांदणवेल
हर्झबर्गवर आक्षेप आहेतच की. लोकांना विचारलं तर चांगलं झालं ते ‘मी केलं’, वाईट झालं ते ‘कंपनीने’, असंच सांगणार.

उंबरठा
@तिरपांगडा, लक्षात येणं मान्य, पण कसं? आमच्याकडे ‘ग्रेट जॉब टीम’ असा मेल येतो, राबलेल्याचं नाव नसतं. आधीच्या मॅनेजरबाई एकदा मीटिंगमध्ये एवढंच म्हणाल्या, ‘आकड्यांतली ती चूक याने पकडली, नाहीतर अहवाल तसाच गेला असता.’ सहा वर्षं झाली, अजून आठवतं.
@चांदणवेल, बॅंजोचं पटलं. पण दोन पौंडांचा नियम लावताना त्याने आधी स्वतःची सोन्याची नाणी बर्फावर फेकली होती. आमचे साहेब गाणं बंद करून साडेपाचला घरी गेले.