मदत हवी आहे: स्पेकमध्ये काटेकोरपणा कुठवर आणायचा?

नमस्कार मंडळी,

आमच्या स्पेकमधलं (सॉफ्टवेअरने काय करायचं, त्याच्या लेखी वर्णनातलं) एक वाक्य: "ऑर्डर रद्द झाल्यास पैसे परत करावेत आणि ग्राहकाला ईमेल पाठवावा." दोन सर्व्हिसेसमध्ये दोघांनी याचा कोड लिहिला. एकाने रिफंड यशस्वी झाला तरच ईमेल पाठवला. दुसरीने दोन्ही कामं एकदमच क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) टाकली. पुढे रिफंड फेल झाला, पण "पैसे परत केले आहेत" हा ईमेल गेलाच. रिव्ह्यूमध्ये दोघंही म्हणतात, स्पेकप्रमाणेच केलंय. मला दोघांचंही पटतं.

प्रोग्रॅमिंग भाषेत हा वाद उभाच राहत नाही. सी भाषेत && (म्हणजे "आणि") लिहिलं की डावी बाजू आधी, आणि ती शून्य निघाली तर उजवी चालवायचीच नाही. शिवाय तुकड्यांच्या अर्थावरून अख्ख्या प्रोग्रॅमचा अर्थ लावता येतो. आमच्याकडे दोन नियम एकत्र आले की काय होतं, ते लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं, आणि तो आता दुसऱ्या टीममध्ये आहे.

"सरळ गणिती नियमांत लिहा" असा सल्ला मिळाला. स्टँडर्ड एमएल या प्रोग्रॅमिंग भाषेची १९९०ची व्याख्या तशी आहेही. पण सीचं स्टँडर्ड तर गद्यातच आहे, तरी त्यावर कितीतरी कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम) उभे आहेत! म्हणजे दोष गद्याचा नसावा. मग आमच्यात कमी काय पडतंय? स्पेक बिझनेसची माणसंही वाचतात. काय काटेकोर करायचं आणि काय मोकळं सोडायचं, हे तुम्ही कसं ठरवता?

प्रतिसाद १

सीचं स्टँडर्ड आपण कुठे गप्प आहोत तेही सांगतं, आणि त्या गप्प राहण्याचे प्रकार पाडतं. एफ() + जी() मध्ये दोन फंक्शनांपैकी आधी कोण चालणार? अनस्पेसिफाइड, कुठलाही क्रम चालेल. सी ८९ मध्ये (१९८९च्या आवृत्तीत) ऋण पूर्णांकाचा भाग पूर्ण गेला नाही, तर भागाकार कुठल्या बाजूच्या पूर्णांकाकडे न्यायचा? इम्प्लिमेंटेशन-डिफाइन्ड, म्हणजे तुम्ही ठरवा, पण लिहून ठेवा. (१९९९च्या आवृत्तीने तो शून्याकडे न्यायचा असं ठरवूनच टाकलं.) साइन्ड ओव्हरफ्लो (चिन्हासहित पूर्णांकाचं उत्तर त्याच्या जागेत न मावणं) अनडिफाइन्ड, प्रोग्रॅमने तिकडे जायचंच नाही. तुमच्या स्पेकमधली मोकळी जागा यांपैकी कुठली, ते तिथेच लिहा.

जिथे पैसा हलतो तिथे तक्ता करा: एका बाजूला ऑर्डरच्या स्थिती, दुसऱ्या बाजूला घटना, चौकटीत पुढची स्थिती. रिकामी चौकट राहिली की तो प्रश्न बिझनेसला विचारायचा. तक्ता त्यांनाही वाचता येतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. ईमेल कधी जावा हे मोकळं सोडता येईल, त्यातला मजकूर मात्र नाही. एक अडलंय: पेमेंट गेटवेचा (पैशांचे व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या सेवेचा) टाइमआउट झाला, म्हणजे वेळेत उत्तरच आलं नाही, तर रिफंड झाला की नाही तेच कळत नाही. तो कुठे मांडू?

प्रतिसाद १

ती वेगळी स्थिती धरा, "रिफंड अनिश्चित". तिथून गेटवेला विचारूनच बाहेर पडायचं, तोवर ईमेल नाही. रिफंड पुन्हा पाठवलात तर व्यवहार क्रमांक तोच ठेवा, आणि त्या क्रमांकावर दुसऱ्यांदा पैसे सुटत नाहीत याची गेटवेच्या कागदपत्रांत खात्री करून घ्या.