डीटीएच कंपन्यांचे पुढे काय होईल?

प्रश्न (गुहागर): आमच्या वाडीत निम्म्या घरांनी छपरावरची छत्री उतरवून फायबर घेतले आहे, अशा वेळी डीटीएच कंपन्या आणखी दहा वर्षे टिकतील, असे आपणांस वाटते का?

उत्तर (मालवण): सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक 2021 मध्ये सुमारे 7 कोटी होते, ते 2024 अखेर 6 कोटींच्या खाली आले, काही मोफत डीडी फ्री डिशकडे वळले, काही मोबाइलकडे. त्यातच डीटीएच ज्यांवर चालते त्या केयू बँडच्या (उपग्रहाकडून येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या) लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, हे आषाढात आपण सर्वच अनुभवतो.

उत्तर (देवगड): तरीही वादळात माड पडून तार तुटली, की आमच्याकडे चार-चार दिवस इंटरनेट नसते, म्हणून कंपन्यांनी छत्री आणि ब्रॉडबँड एकाच सेट-टॉप बॉक्समधून द्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आईसाठी छत्री तूर्त ठेवतो.